दुसऱ्या मिनिटाला नेमकं काय झालं?

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. पुण्यात भारत गायन समाज उभा करणारे, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे गुरू, ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम पचवलेले हे गवई कसे गात असतील, यावर शंभर वर्षं वाद घातला तरी निकाल लागायचा नाही. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. अल्लादियाखाँसाहेबांचंही तेच. १९४६पर्यंत ते हयात होते, तोवर ग्रामोफोन मध्यमवर्गीय घरांत जाऊन बसला होता, तरी जयपूर घराण्याच्या या मूळपुरुषाची एकही व्यापारी ध्वनिमुद्रिका निघाली नाही. अशा गवयांचा विषय निघाला की ज्याचं वय जास्त त्याचा शब्द शेवटचा. “तुम्ही ऐकलंय त्यांना? नाही ना? मग झालं तर!” तिथे चर्चा संपते.

अब्दुल करीमखाँसाहेबांचा विषय निघाला की मात्र ती संपत नाही, सुरू होते. ते १९३७ साली गेले, पण त्यांच्या तबकड्या राहिल्या. आज वीस वर्षांचा विद्यार्थी आणि ऐंशी वर्षांचे आजोबा एकाच खोलीत बसून त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकू शकतात, आणि दोघांच्या कानांवर तेच स्वर तेवढेच पडतात. आजोबांना ‘त्या काळची गोष्टच वेगळी’ एवढं म्हणून सुटता येत नाही. विद्यार्थी विचारतो, “कुठे? परत लावू का?” ध्वनिमुद्रणाने मताला पत्ता मिळवून दिला. कुठल्या तबकडीत, कितव्या मिनिटाला, कुठल्या शब्दावर हे सांगावं लागतं, आणि सांगितलं की दुसऱ्याला ते तपासता येतं. महाराष्ट्रात, गोव्यात, बेळगाव-धारवाडकडे अभिजात संगीताचे जे दर्दी श्रोते आहेत, त्यांच्या गप्पांना धार आली ती या सोयीमुळे. अर्थात सोय म्हटली की फसगतही आलीच.

ती समजायला मुळापासून सुरुवात करायला हवी. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित करत होता. दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे तबकड्या छापून बोटीने परत यायच्या; कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ साली. गाणं संपता संपता गौहरजान इंग्रजीतून स्वतःचं नाव पुकारते, त्याचा संबंध या प्रवासाशी आहे. हजारो मैलांवरच्या कारागिराला कुठला आवाज कोणाचा हे कळणार कसं? आजच्या श्रोत्याला तो ठसका वाटतो. तो ठसका होताच, पण आधी ती लेबल चिकटवण्याची व्यवस्था होती.

तीन मिनिटांत ख्याल कसा मावणार? आजच्या अतिविलंबित ख्यालात एका आवर्तनाला सहज मिनिट लागतं. म्हणजे तबकडीच्या एका बाजूत तीन वेळा सम आली की संपलं. त्यामुळे त्या काळच्या कलावंतांनी लय चढवली, आलाप आखडता घेतला, अस्थाई-अंतरा मांडून चार-दोन जोरकस ताना घेतल्या आणि बाजू पुरी केली. पुढच्या श्रोत्यांची पहिली मोठी चूक इथेच होते. किराणा घराणं म्हणजे संथ, स्वराला गोंजारणारी गायकी, असं ऐकून आलेला माणूस अब्दुल करीमखाँच्या तबकड्या लावतो आणि चक्रावतो: हे तर भराभर चाललंय! मग एक जण म्हणतो की घराण्याची कीर्ती उगाचच आहे, दुसरा म्हणतो की संथपणा नंतरच्यांनी आणला. खाँसाहेबांच्या तबकड्यांतली लय ही निदान काही प्रमाणात घड्याळाची लय आहे, हे दोघेही विसरतात. मैफिलीत ते किती विलंबित गात, याचा पुरावा या तीन मिनिटांतून निघत नाही. त्यांनी स्वर कसा लावला, षड्जावर कसे आले, सारंगीशी त्यांचा आवाज कसा मिसळला, एवढं मात्र नक्की कळतं, आणि तेही थोडंथोडकं नाही.

तबकडीला तबकडी म्हणूनच ऐकावं, असं मानणारा एक पंथ श्रोत्यांत आहे, आणि त्यांचं म्हणणं वजनदार आहे. जोहराबाई आग्रेवाली १९१३ साली गेल्या. त्यांच्या तबकड्या निघाल्या त्या शेवटच्या चार-पाच वर्षांतल्या. कर्ण्यात तोंड घालून गावं लागण्याचा तो काळ. मायक्रोफोन यायला अजून पंधरा-वीस वर्षं होती. तरी तीन मिनिटांत ही बाई रागाचं चित्र उभं करते, तान घेते, आणि घाई झाल्यासारखं कुठेही वाटत नाही. ‘तीन मिनिटांत ख्याल होत नाही’ म्हणणाऱ्याला श्रोते हटकून जोहराबाई ऐकवतात. तो नमुना नाही, संक्षेपही नाही, ती वेगळीच एक कला आहे, असा त्यांचा दावा. त्यावर दुसऱ्या बाजूचं उत्तर असं, की मग जोहराबाईंची बढत कशी होती ते आपल्याला कधीच कळणार नाही, हे तरी मान्य करा. दोघंही खरं बोलतात, आणि वाद रंगतो.

रेकॉर्ड ऐकून मत बनवण्याचं काम श्रोत्यांनीच केलं असं नाही. गवईही त्यातूनच घडले. भीमसेन जोशींच्या चरित्रातली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: लहानपणी अब्दुल करीमखाँची तबकडी कानावर पडली, असं गाता आलं पाहिजे हे डोक्यात बसलं, आणि १९३३ साली अकराव्या वर्षी मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. कुमार गंधर्वांची गोष्ट श्रोत्यांच्या दृष्टीने त्याहून मजेची. शिवपुत्र कोमकली नावाचा हा मुलगा बड्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा, आणि दहा-बारा वर्षांचा असताना त्याच्या स्वतःच्याच रेकॉर्डी निघाल्या. पुढे देवधर मास्तरांकडे तालीम झाली, क्षयाचं दुखणं आलं, देवासला मुक्काम झाला, आणि त्यातून जे गाणं बाहेर पडलं त्यात नकलेचा मागमूस उरला नाही. श्रोत्यांच्या बैठकीत ही दोन टोकं पाठोपाठ लावून पाहावीत. बालकुमारांची बाजू ऐकताना आधी हसू येतं, मग कौतुक वाटतं, आणि मग कुणीतरी विचारतंच: सगळ्यांच्या नकला इतक्या हुबेहूब करता येणाऱ्याला स्वतःचा आवाज शोधताना त्या आड आल्या असतील, की त्यांनीच वाट दाखवली असेल? रेकॉर्डी समोर असूनही हा प्रश्न सुटत नाही. पण रेकॉर्डी नसत्या तर तो पडलाही नसता.

या गप्पांची ठिकाणं काळानुसार बदलली. आधी ग्रामोफोन असलेलं एखादं घर. मग रेकॉर्डची दुकानं: मुंबईत काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये बंदिस्त केबिनमध्ये उभं राहून रेकॉर्ड ऐकून मग विकत घेता यायची, हे दुकान २०१६ साली बंद झालं. कॅसेटच्या जमान्यात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने बड्या कंपन्यांनी फारसं न विचारलेल्या गवयांच्या कॅसेटही काढल्या, आणि तिथल्या काउंटरपाशी उभं राहून झालेल्या चर्चांवर एका पिढीचे कान तयार झाले. रेडिओ तर होताच. आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२मध्ये सुरू झाला. शनिवारी रात्री दीड तास एकच कलाकार. सोमवारी कचेरीत त्यावर बोलणं हा कित्येकांचा नेम होता. ज्यांच्याकडे स्पूलचं यंत्र होतं ते कार्यक्रम उतरवून घेत, आणि अशा माणसाची ओळख असणं ही चैन समजली जाई.

या गप्पांना जमलेल्यांपैकी निम्म्यांचं बोलणं ‘वा’, ‘क्या बात है’ आणि ‘काय लावलाय हो गंधार!’ यापलीकडे जात नाही. त्यात वाईट काही नाही. दाद ही दादच असते. पण तिच्यातून शेजाऱ्याला काही मिळत नाही. मिळतं ते ‘गंधार कसा लावलाय’ हे सांगितल्यावर. उदाहरणादाखल अमीरखाँसाहेबांचा मारवा घेऊ. १९६०च्या सुमारास एचएमव्हीने त्यांची लाँग प्ले काढली, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मराठी श्रोत्यांच्या दोन-तीन पिढ्यांचा या रेकॉर्डवर जितका खल झाला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या ख्यालावर झाला असेल.

मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. हेच स्वर पूरियात आणि सोहनीतही आहेत. फरक आहे तो वजनाचा: पूरिया गंधार-निषादावर विसावतो आणि खालच्या अंगाने चालतो, सोहनी वरच्या सप्तकात चमकते, आणि मारवा रिषभ-धैवतावर ताटकळत उभा राहतो. षड्जावर यायचं तो टाळतो. अमीरखाँ झूमऱ्याच्या चौदा मात्रांच्या संथ आवर्तनात हे टाळणं इतकं लांबवतात, की अखेर षड्ज लागतो तेव्हा ऐकणाऱ्याचा अडकलेला श्वास सुटतो. नवख्याला एवढं सांगून मग रेकॉर्ड लावली तर त्याला ऐकण्यासारखं काहीतरी हातात मिळतं. ‘मारवा म्हणजे संध्याकाळची हुरहुर’ एवढंच सांगितलं तर तो हुरहुर शोधत बसतो आणि वीस मिनिटांनी घड्याळ बघतो.

या रेकॉर्डवर टीकाही आहे. ताल फारच ढिला ठेवलाय, ठेक्याशी खेळ जवळपास नाहीच, बंदिशीचे शब्द पुसट होतात, अशी तक्रार आग्रा घराण्यावर पोसलेले श्रोते करतात. त्यांनी फैयाजखाँ ऐकलेले असतात: बोलबनाव, मुखड्याची लगट, समेवर धाडकन येणं. त्यांच्या लेखी ख्याल म्हणजे बंदिशीशी चाललेला संवाद, आणि इथे तर गवई बंदिशीकडे पाठ फिरवून बसलाय. उलट बाजूचे म्हणतात, अहो, पण इथे बंदीश हे निमित्त आहे, राग हा विषय आहे. हा वाद नवा नाही. वामनराव देशपांडे यांनी १९६१ साली ‘घरंदाज गायकी’ या पुस्तकात घराण्यांची मांडणी स्वर आणि लय यांच्या प्रमाणावर केली, त्यात किराणा स्वराच्या टोकाला आणि आग्रा लयीच्या टोकाला गेला. श्रोत्यांना फूटपट्टी मिळाली. पण फूटपट्टी हातात आली की माणसं प्रत्येक गवयाला आधी मोजतात आणि मग ऐकतात, हेही झालं. अमीरखाँ कुठल्याच खणात नीट बसत नाहीत. त्यांचं आलापाचं वळण किराण्याच्या अब्दुल वहीदखाँकडे जातं, तर ताना त्यांच्या त्यांच्याच. अब्दुल वहीदखाँची रेडिओवरची मोजकीच मुद्रणं शिल्लक आहेत, त्यात दरबारी आहे. ती ऐकून मग अमीरखाँचा दरबारी लावावा. कोणी कोणाकडून काय घेतलं याचं उत्तर लेखांपेक्षा या दोन मुद्रणांत जास्त सापडतं.

सर्वांत जास्त कडाक्याची भांडणं मात्र किशोरी आमोणकरांवरून झाली. १९६७ साली त्यांची जौनपुरीची लाँग प्ले आली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बागेश्री आणि भूप यांची. ‘सहेला रे’ ही भूपातली चीज त्या रेकॉर्डमुळे ज्यांना राग म्हणजे काय हेही माहीत नाही अशा घरांत पोचली. जयपूर घराण्याच्या जुन्या श्रोत्यांना ती पचली नाही. मोगूबाईंची मुलगी, अल्लादियाखाँची परंपरा, आणि लयीशी बांधलेली ती पेचदार तान कुठे आहे? केसरबाईंच्या किंवा मल्लिकार्जुन मन्सूरांच्या गाण्यात प्रत्येक स्वरवाक्य मात्रेवर तोललेलं असतं. किशोरीताई मात्र ठेका मागे सोडून सुराच्या मागे जातात. हे घराण्याचं गाणं नव्हे, असा निवाडा अनेकांनी दिला. त्यावर दुसऱ्या पक्षाने घराणं थिजलेलं असतं का, असा प्रतिप्रश्न केला, आणि त्याच रेकॉर्डमधल्या द्रुतातल्या ताना काढून दाखवल्या: ऐका, पेच आहे की नाही?

भूपावरून आणखी एक बारीक वाद चालतो. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. भूपात गंधाराला मान, देशकारात धैवताला. एखादी लांबलचक बढत चालू असताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलं की जाणत्या श्रोत्याची भुवई वर जाते. कुठल्याही गायिकेचा भूप लावा आणि ‘इथे देशकार डोकावला का?’ असं विचारून पाहा. खोलीत तट पडतात. व्याकरणाचा असा किस पाडणं काहींना कोरडं वाटतं. पण एकदा कान त्या जागी गेला की तीच रेकॉर्ड दुसऱ्यांदा ऐकताना जास्त गोड लागते, हा अनेकांचा अनुभव आहे, आणि रागसंगीताच्या श्रोत्याला व्याकरण शिकवायची याहून स्वस्त शाळा नाही.

गाण्यावर मत देण्याआधी काही वेळा मुळात ऐकतोय ते काय, हेच ठरवावं लागतं. इथे श्रोत्याचा गुप्तहेर होतो. जुन्या तबकड्यांवर ७८ फेऱ्यांचा शिक्का असला तरी सुरुवातीच्या काळात सगळ्या त्याच वेगाने मुद्रित होत नसत. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८वर लावली, तर सूर जवळपास एका पट्टीने चढतो: काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. तानही त्या प्रमाणात वेगवान होते. ‘काय आवाज चढा होता हो त्यांचा!’ हे कौतुक अशा वेळी यंत्राच्या मोटारीचं असू शकतं. अब्दुल करीमखाँच्या १९०५च्या सुमाराच्या तबकड्या आणि तीसच्या दशकातल्या तबकड्या शेजारी ठेवून वयानुसार आवाज कसा बदलला हे सांगायचं असेल, तर आधी वेगाचा बंदोबस्त करावा लागतो, शिवाय पहिल्या कर्ण्यातल्या आणि दुसऱ्या मायक्रोफोनवरच्या आहेत हेही धरावं लागतं.

कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी कॅसेट असं होत आलेल्या मुद्रणांत तर गोंधळाला मर्यादा नाही. प्रत्येक उताऱ्यात खरखर वाढते आणि माहिती गळते. कॅसेटवरच्या चिठ्ठीत राग चुकतो, गाव बदलतं, कधी गवयाचं नावही. मग साथीवरून माग काढायचा. आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत हार्मोनियमला बंदी घातली होती. म्हणून कुणी ‘हे १९५५चं रेडिओवरचं मुद्रण’ म्हणून पुढे केलं आणि त्यात पेटी ऐकू आली, तर साल तरी चुकीचं किंवा रेडिओ तरी. असली माहिती डोक्यात असलेला एखादा गृहस्थ प्रत्येक बैठकीत असतो. तो गाण्याबद्दल फारसं बोलत नाही, पण त्याच्याशिवाय बाकीच्यांची मतं हवेत तरंगतात.

या कामाला शिस्त आणण्याचं श्रेय संग्राहकांना द्यायला हवं. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या तबकड्यांची ऐकण्याची सत्रं घेतली, नियतकालिक काढलं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या भारतातल्या पहिल्या मुद्रणांची आणि अब्दुल करीमखाँच्या तबकड्यांची तपशीलवार सूची केली. क्रमांक, साच्यावरच्या खुणा, तारखा यांची ही जंत्री वाचायला रुक्ष, पण ‘ही तबकडी आधीची की ती’ या वादाचा निकाल तीच लावते. कंपनीच्या आतल्या बाजूची हकीकत हवी असेल तर एचएमव्हीच्या मुंबई कचेरीत अनेक वर्षं ध्वनिमुद्रणं सांभाळलेले गायक जी. एन. जोशी यांच्या ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आठवणी आहेत. गवयाला माइकसमोर आणून बसवणं हीसुद्धा एक कला होती, हे त्यातून कळतं.

केसरबाई केरकरांना माइकसमोर आणणं सोपं नव्हतं. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेने अल्लादियाखाँची कडक तालीम घेतली, आणि आपलं गाणं कुणी, कुठे, कसं ऐकावं याबद्दल त्यांची मतं ठाम होती. त्यांच्या तबकड्या मोजक्या. त्यांतली भैरवीतली ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची चीज १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. जगभरातल्या २७ संगीतरचनांमध्ये भारतातली ती एकच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, दुसरं यान सुटल्यावर अवघ्या अकरा दिवसांनी, केसरबाई गेल्या. मराठी श्रोत्याला याचा अभिमान वाटतो आणि वाटावाच. पण बैठकीत हा विषय निघाला की कुरकुरणारा एक तरी सापडतोच: अनवट रागांची राणी, आणि पाठवली काय तर भैरवी! निवड करणाऱ्यांसमोर दीड तासाच्या आसपास सगळं बसवायचा प्रश्न होता; साडेतीन मिनिटांत जयपूरचा दमसास आणि सुराची गोलाई दोन्ही दाखवणारी दुसरी बाजू सुचवा म्हटलं, की कुरकुर करणारा जरा विचारात पडतो. मग केसरबाईंच्या लांब, खासगी मुद्रणांकडे गाडी वळते, जिथे त्या श्वास न तोडता तान अख्ख्या आवर्तनभर नेतात, आणि दोन्ही पक्ष गप्प बसून ऐकतात.

खासगी मुद्रणं हा या दुनियेतला सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत नाजूक भाग आहे. द. वि. पलुसकर १९५५ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. लाँग प्लेचा काळ त्यांना मिळालाच नाही. ७८च्या तबकड्यांवरून त्यांची ओळख झालेले श्रोते त्यांना सुरेल, गोड, बेताचे गायक मानतात. रेडिओवरची आणि मैफिलींतली लांब मुद्रणं ऐकलेले म्हणतात, बेताचे कसले, बढतीतला त्यांचा ठेहराव ऐका आधी. एकाच गवयाबद्दल दोन मतं, आणि दोन्ही मतांना आधार आहे, फक्त आधाराची लांबी वेगळी.

आता संगणकामुळे आणखी एक फाटा फुटला आहे. जुनी खरखर काढून टाकलेल्या आवृत्त्या सगळीकडे मिळतात. ऐकायला त्या सुखद, पण खरखर खरवडताना तंबोऱ्याची जवारी आणि श्वासाचा आवाजही जातो, सारंगी कापसात गुंडाळल्यासारखी होते. ‘स्वच्छ’ आवृत्ती ऐकून ‘आवाज जरा सपाट आहे’ असं मत देणाऱ्याला जुने संग्राहक मूळ तबकडीवरून घेतलेला कच्चा उतारा ऐकवतात. खरखर कानाआड करायला पाच मिनिटं लागतात, मग तिच्यामागची खोली दिसू लागते. नवी पिढी तान सावकाश चालवून तिच्यातले स्वर मोजते, यावर जुन्यांचा आक्षेप असतो की ही चिरफाड झाली. आक्षेप घेणारेही मोजणी झाल्यावर निकाल काय लागला ते हळूच विचारतात.

राहता राहिला प्रश्न देण्याघेण्याचा. भारतीय कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क साठ वर्षं टिकतो, त्यामुळे ७८च्या बहुतेक तबकड्या आता मोकळ्या आहेत. कुणाच्या तरी दिवाणखान्यात, गवयाला न विचारता, घसा बसलेल्या दिवशी उतरवून घेतलेल्या मैफिलीचं काय? त्यावरून गवयाची किंमत करावी का, ती चारचौघांत वाटावी का, यावर श्रोत्यांमध्ये एकवाक्यता नाही. काही जण कलाकाराच्या घरच्यांना विचारल्याशिवाय काहीच बाहेर काढत नाहीत. काही म्हणतात, दडवून ठेवलं तर टेप बुरशीने जाईल, मग कोणाचं भलं झालं? आणि जुन्या वळणाचे संग्राहक मधला मार्ग काढतात. घरी या, चहा घ्या, हवं तितक्या वेळा ऐका, वाटेल ते मत सांगा. फक्त कॉपी मागू नका.